दोन घोडे, एक ट्रेलर आणि धारूरचा घाट : जुनी एसयूव्ही निवडण्याचे एक प्रकरण

माजलगाव तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबात तीन पिढ्यांपासून घोडे पाळले जातात. दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा घोडेबाजार आणि मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला भरणारी खंडोबाची यात्रा, या त्यांच्या वर्षातल्या दोन मोठ्या वाऱ्या. आजवर ही ने-आण भाड्याच्या पिकअपमधून होत असे. पिकअपचा हौदा जमिनीपासून उंच असतो आणि फळी लावून जनावर चढवावे लागते. मागच्या खेपेला अशाच चढवण्यात घोडीचा पुढचा पाय फळी आणि हौद्याच्या फटीत गेला, गुडघा सोलला, आणि बाजारात उभी राहिलेली घोडी लंगडते म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी दर निम्म्यावर आणला. त्या रागात थोरल्या बंधूंनी दोन घोड्यांचा, दोन ॲक्सलचा, जमिनीलगत तळ असलेला ट्रेलर एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बनवून घेतला आणि मग तो ओढायला कोणती गाडी घ्यावी हे विचारण्यासाठी माझ्याकडे आले. खरे तर हा क्रम उलटा हवा होता, पण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे याच क्रमाने येतात.

मी अंबाजोगाईत मोटार विम्याचा सर्वेअर म्हणून काम करतो. अपघात झालेल्या गाड्या पाहण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती कुठे आणि का थांबली नाही, हा प्रश्न मला सवयीने आधी सुचतो. या प्रकरणात ती सवय उपयोगी पडली.

कुटुंबाची मागणी अशी होती : अंदाजपत्रक दुरुस्तीसह नऊ लाखांचे, गाडी डिझेलची, वर्षातले तीनशे चाळीस दिवस ती घरची गाडी म्हणून वापरली जाणार, म्हणजे आई-वडिलांना लातूरला दवाखान्यात नेणे, लग्नकार्ये, तालुक्याची कामे, आणि उरलेल्या दिवसांत ट्रेलर. घोडे स्वतःचे, भाड्याने कोणाचे जनावर न्यायचे नाही. हा शेवटचा मुद्दा कागदांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, कारण खाजगी नोंदणीच्या गाडीने भाड्याची वाहतूक करता येत नाही. घरात एक बोलेरो होतीच. तिच्यावरच काम भागेल असे धाकट्या बंधूंचे मत होते. ते म्हणाले, “साहेब, ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतंय, ह्या दोन घोड्यांचं काय घेऊन बसलाव?”

प्रश्न चुकीचा नव्हता आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे होते. त्यासाठी पहिली गरज खऱ्या वजनाची होती. ट्रेलर भरल्यावर किती होईल असे विचारले तेव्हा थोरल्यांनी “बाराशे किलो” असे ठामपणे सांगितले. आम्ही ट्रेलर ट्रॅक्टरला जोडून गावाजवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेला. कापसाचा हंगाम संपलेला होता, काट्यावर गर्दी नव्हती, आणि काटेवाल्यालाही घोड्यांचे वजन करण्याची हौस आली. रिकामा ट्रेलर ८७० किलो भरला. घोडा ४३०, घोडी ३७०. कडबा-कुट्टीची पोती, पाण्याची टाकी, खोगीर, रबरी मॅट, झुली, बादल्या असा प्रवासाचा सगळा सरंजाम १७० किलो. बेरीज १,८४० किलो. बाराशेच्या अंदाजात आणि या आकड्यात ६४० किलोंची तफावत होती, म्हणजे आणखी दीड घोडा. अंदाजाने वजन सांगणारा माणूस लबाड असतो असे नाही, तो फक्त जनावरांची बेरीज करतो आणि लोखंड विसरतो.

आता ओढण्याचा हिशेब. एसयूव्ही, तिच्यातली चार माणसे आणि सामान मिळून २,४०० किलो धरले तर जोडगाडीचे एकूण वजन सुमारे ४,२०० किलो होते. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ही जोडगाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी चढाचा आणि चाकांच्या घर्षणाचा मिळून सुमारे ३,१०० न्यूटन विरोध मोडावा लागतो, आणि त्याला चाकांवर ३५ अश्वशक्तीच्या आसपास शक्ती पुरते. घरच्या बोलेरोच्या इंजिनात याच्या जवळजवळ दुप्पट शक्ती होती. धाकट्यांचे म्हणणे इथपर्यंत पूर्णपणे खरे ठरले, आणि मी ते त्यांच्यासमोर मान्य केले. ओढणे ही या प्रकरणातली अडचण नव्हतीच.

अडचण उतारावर होती. माजलगावहून अकलूजकडे जाताना खामगाव-पंढरपूर रस्त्याने धारूरचा घाट चढून केजकडच्या सपाट पठारावर यावे लागते, आणि परत येताना हाच अरुंद, तीव्र वळणांचा घाट उतरावा लागतो. उताराचा भाग दीडशे मीटर उंचीचा धरला तर ४,२०० किलोंची जोडगाडी खाली येताना सुमारे ६२ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. आकडा डोळ्यांसमोर येत नाही म्हणून मी त्यांना पाण्याच्या जारचे उदाहरण दिले : वीस लिटरचा जार साध्या पाण्याने भरला आणि ते सगळे पाणी उकळी फुटेपर्यंत तापवले, तर जेवढी उष्णता लागेल तेवढी. ही उष्णता इंजिनच्या रोधात, हवेत आणि ब्रेकमध्ये वाटली जाते. चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्याऐवजी चौथ्यात ठेवून ब्रेकवर पाय दाबून ठेवला, तर तिचा मोठा वाटा ब्रेकच्या तबकड्यांत आणि ड्रममध्ये जातो, लायनिंग तापून पकड सोडते, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हे सगळे काम पुढच्या गाडीच्या चार चाकांवर येते, जी आपल्या स्वतःच्या भरलेल्या वजनापुरतीच बनवलेली असतात. त्या शेडमध्ये बनलेल्या ट्रेलरला ब्रेक नव्हते. “ट्रॉलीला कुठं ब्रेक असतंय?” असे बनवणाऱ्याने सांगितले होते.

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात सर्वसाधारण मोटारींमागच्या ट्रेलरला ७५० किलोंच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे विकल्या गेलेल्या फोर्ड एंडेव्हरला ऑस्ट्रेलियात एव्हरेस्ट या नावाने ३,००० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मान्यता होती, पण तोही ब्रेक असलेला. ब्रेक नसेल तर तीच गाडी ७५० किलोंवर येते. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त ट्रेलरला ब्रेक आहे की नाही एवढ्याने मर्यादा चौपट होते किंवा चौथाईवर येते. परदेशातले आकडे जसेच्या तसे आपल्या गाडीला लावू नयेत, कारण हुकाची बैठक, रेडिएटरची क्षमता आणि स्प्रिंगा देशोदेशी बदललेल्या असू शकतात. मात्र या आकड्यांमागचे तर्कशास्त्र धारूरच्या घाटालाही लागू पडते.

म्हणून गाडी शोधण्याआधी मी दोन अटी घातल्या. ट्रेलरला ब्रेक बसतील, आणि भरलेल्या ट्रेलरचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाहून जास्त असणार नाही. दुसरी अट कायद्याची नाही, माझी आहे. मागचा डोलारा पुढच्या गाडीपेक्षा जड झाला की वळणावर आणि आकस्मिक ब्रेकवर तो पुढच्याला रेटू लागतो, आणि घोड्यासारखे हलणारे ओझे असेल तर हा रेटा क्षणोक्षणी बदलतो. बोलेरोचे वजन सोळाशे किलोंच्या आसपास असते. ती या अटीवर बाद झाली, शक्तीवर नव्हे. धाकट्यांना हे पटायला एक आठवडा लागला.

गाड्या चार आल्या. पहिली मेव्हण्यांची एक्सयूव्ही ५००, घरातलीच म्हणून स्वस्तात. इंजिन उत्तम होते, पण तिची बांधणी वेगळ्या चासीची नाही, बॉडी आणि चासी एकच असलेली आहे, आणि दोन चाकांच्या ड्राइव्हची होती, म्हणजे पुढची चाके ओढणारी. मागच्या हुकावर भार आला की पुढची चाके हलकी होतात आणि नेमकी तीच ओढणारी असल्यामुळे ओल्या चढावर ती जागीच फिरू लागतात. अशा बांधणीच्या गाड्या जगात ट्रेलर ओढतात, पण कंपनीने दिलेल्या जागेवर, दिलेल्या हुकाने आणि दिलेल्या मर्यादेत. स्थानिक वेल्डिंगवर अशा गाडीला पावणेदोन टन लटकवणे मला मान्य नव्हते. मेव्हणे रुसले, ते नंतर निवळले.

दुसरी २०१५ ची स्कॉर्पिओ, लातूरची. वेगळी चासी, मागच्या चाकांचा ड्राइव्ह, १२० अश्वशक्ती, २८० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि गावोगावी सुट्या भागांची उपलब्धता. मराठवाड्यात स्कॉर्पिओचा मिस्त्री शोधावा लागत नाही. पण ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ देता येणारी, नव्हती, आणि आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. मालक म्हणे कर्ज फिटले आहे, तर मग बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्सचे ना-हरकत पत्र का नाही, याचे उत्तर तीन फोन करूनही आले नाही.

तिसरी गाडी फॉर्च्युनर, २०१२ ची, तीन लिटरचे इंजिन, १७१ अश्वशक्ती, फोर बाय फोर. या गाडीवर थोरल्यांचा जीव जडला होता आणि माझ्याकडे येण्याआधीच त्यांनी एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे पंचवीस हजारांचे टोकन देऊन ठेवले होते. गावात फॉर्च्युनरला जो मान आहे त्याच्याशी मी वाद घालत नाही, आणि गाडीही दणकट असते. पण पाहायची होती ती ही एक विशिष्ट गाडी.

गाडीवर हरियाणाची नंबरप्लेट होती. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे येऊ लागल्या. त्यात चांगल्या गाड्याही असतात. फक्त खरेदीदाराने लक्षात घ्यावे की गाडीची खरी किंमत विक्रेत्याने सांगितलेली नसते. तिकडचे फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर धरल्यावरच ती कळते. हा हिशेब मांडला तेव्हा गाडी नऊ लाखांच्या चौकटीबाहेर गेली. तरीही थोरले म्हणाले, “बघा तर खरं एकदा.”

म्हणून रॅम्पवर घेतली. खालचा सगळा भाग ताज्या काळ्या अंडरकोटिंगने मढवलेला होता, आणि बारा वर्षे जुन्या गाडीचे पोट इतके चकचकीत दिसले की माझी बॅटरी आपोआप खिशातून बाहेर येते. मागच्या बंपरच्या आत, जिथे चासीच्या दोन लांब पट्ट्या शेवटच्या आडव्या पट्टीला मिळतात, त्या डाव्या कोपऱ्यात रंगाखाली एक उंचवटा हाताला लागला. नखाने खरवडले, मग मिस्त्रीकडून तारेचा ब्रश घेऊन घासले. काळ्या थराखाली हाताने मारलेले ओबडधोबड वेल्डिंग होते, जवळजवळ पाच इंच लांब, आणि त्याला लागून पट्टीची उभी बाजू आत दबलेली. गाडीला मागून जबर मार बसला होता आणि चासी ओढून सरळ केली होती. नुसते माणसांना नेण्यासाठी कदाचित ती आणखी दहा वर्षे चालली असती. पण ट्रेलरचा हूक नेमका याच कोपऱ्यावर बसतो, प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला याच जोडावर धक्का येतो. विक्रेता म्हणाला की एवढे तर सगळ्याच गाड्यांना असते. टोकनापैकी पंधरा हजार परत मिळाले, दहा बुडाले.

एंडेव्हरचाही विचार झाला होता, विशेषतः ३.२ लिटरच्या, पाच सिलिंडरच्या, २०० अश्वशक्तीच्या गाडीचा. ट्रेलर ओढण्यासाठी ती या सगळ्यांत सर्वांत योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. पण चांगली गाडी अंदाजपत्रकात बसत नव्हती, आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केल्यानंतर आडवळणाच्या गावातल्या कुटुंबाने ती घ्यावी, असे म्हणायला मी धजावलो नाही.

चौथी गाडी परभणीत एका डॉक्टरांकडे होती : टाटा सफारी स्टॉर्म, २०१७ ची, व्हॅरिकोर ४०० इंजिनची, फोर बाय फोर, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली, पहिल्याच मालकाची. १५६ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर, वेगळी चासी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि वजन दोन टनांच्या थोडे वर. स्टॉर्मचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे सुट्या भागांची शंका रास्त होती. मात्र लष्कराने २०१७ मध्ये याच गाडीच्या ३,१९२ नगांचा करार केला होता, आणि एवढ्या गाड्या सरकारी सेवेत असताना इंजिन, क्लच आणि ब्रेकचे भाग एकदम नाहीसे होणार नाहीत, असा मी अंदाज बांधला. दरवाज्यांची हँडले आणि दिव्यांच्या काचा यांबद्दल मी तशी हमी दिली नाही.

इथे फोर बाय फोरचा आग्रह का, हे सांगितले पाहिजे, कारण थोरल्यांना वाटत होते की तो चिखलासाठी आहे. चिखल हा दुय्यम भाग. खरा उपयोग लो रेंजचा, म्हणजे फोर बाय फोर गाडीत सगळे गिअर आणखी हळू आणि जोरकस करणाऱ्या जादा सोयीचा. भरलेला ट्रेलर चढावर जागेवरून हलवताना किंवा मागे घेताना साध्या पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये गाडीचा सर्वांत कमी वेगही ताशी सहा-सात किलोमीटरच्या आसपास असतो. त्याहून हळू जायचे तर क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि क्लच प्लेट जळते. लो रेंजमध्ये तोच वेग अर्ध्याहून खाली येतो, क्लच पूर्ण सोडून गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. यात्रेच्या मैदानात शेकडो माणसांमधून आणि राहुट्यांच्या दोऱ्यांमधून दोन घोड्यांचा ट्रेलर मागे घ्यायचा असतो, तेव्हा हा फरक पैशांत मोजता येत नाही. एकच पथ्य : कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर बाय फोर लावून तीव्र वळण घेऊ नये. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापायचे असते, आणि ताण सुटायला माती नसली की तो गिअरवर येतो.

स्टॉर्मची तपासणी दोन दिवस चालली. पोट साफ होते, म्हणजे धुळीने माखलेले, जसे असायला हवे तसे. चासीवर वेल्डिंगचा माग नव्हता, मागच्या आडव्या पट्टीचे कारखान्यातले बोल्ट मूळ रंगात होते. डिफरन्शियलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या पेटीचे, तेल काढून तळहातावर घेतले, त्यात चकाकी नव्हती. चकाकी दिसली तर दातांचे लोखंड झिजून तेलात उतरले आहे असे समजावे. इंजिन गरम असताना तेलाचे झाकण उघडून पाहिले, वाफेचा जोर नव्हता. पण पुढच्या परीक्षेत ती अडखळली. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी पन्नासचा वेग धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिनचे फेरे एकदम वाढले आणि वेग मागे राहिला. क्लच घसरत होता. डॉक्टरसाहेबांच्या रोजच्या वापरात हे कधीच जाणवले नसते. टायर चारही दिसायला छान, पण बाजूवर चार आकडी तारीख २२१७, म्हणजे २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले. मागच्या कॉइल स्प्रिंगा थोड्या बसल्या होत्या.

या तिन्ही गोष्टी खर्चाच्या होत्या, धोक्याच्या नव्हत्या, आणि खर्चाची गोष्ट किमतीत धरता येते. मागणी सव्वासात लाखांची होती, सौदा सहा लाख साठ हजारांवर झाला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पाच टायर, स्प्रिंगा, सगळी तेले, रेडिएटरची सफाई आणि ब्रेकचे पॅड यांवर आणखी सव्वा लाख गेले. टायर घेताना मी नक्षीपेक्षा भारांक पाहायला सांगितले. १०६ हा भारांक म्हणजे एका टायरला ९५० किलो, आणि मागच्या ॲक्सलवर हुकाचा भार आल्यावर ही शिल्लक कामाला येते.

हूक बंपरला नव्हे, चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टने बसवला, ५० मिलिमीटरच्या बॉलचा. स्टॉर्मची स्टेपनी मागे खालच्या बाजूला असते, म्हणून हुकाची चौकट स्टेपनी खाली उतरवण्याच्या आड येणार नाही अशी करावी लागली. पहिल्या चौकटीत हे विसरले होते आणि ती परत करावी लागली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत, त्यामुळे हूक बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेतले. तिथेच ट्रेलरचाही प्रश्न निघाला. ट्रेलरला पासिंग लागत नाही असे बनवणाऱ्याने सांगितले होते. कायद्याच्या व्याख्येत मात्र मोटार वाहन या शब्दात ट्रेलरचाही समावेश आहे, म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा विमा हवा. नोंदणीला गाडी शोधण्यापेक्षा जास्त दिवस लागले. माझ्या व्यवसायात याला फार महत्त्व आहे, कारण नोंदणी नसलेल्या ट्रेलरमुळे अपघात झाला तर दाव्याच्या कागदावर पहिला प्रश्न तोच येतो.

ब्रेक बसवले ते रेट्याने चालणारे. यात कपलरचा, म्हणजे ट्रेलरच्या हुकावर बसणाऱ्या तोंडाचा, दांडा मागेपुढे सरकतो. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, दांडा आत जातो आणि तारेने ट्रेलरच्या ड्रममधले ब्रेक लागतात. पद्धत साधी आणि स्वस्त. तिचा दोष असा की लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत असल्याने त्याचे ब्रेकही सतत थोडे लागलेले राहतात आणि तापतात, म्हणून घाट उतरल्यावर दहा मिनिटे थांबणे बंधनकारक केले. जोड सुटला तर ब्रेक आपोआप लागावेत यासाठी वेगळी तारही लावली.

सर्वांत शेवटी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, नाकावरचे वजन. भरलेल्या ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, किती भार खाली दाबतो, हे आपल्याकडे कोणी मोजत नाही. तो फार कमी असला तर ट्रेलर मागे जड होतो आणि वेगात डावी-उजवीकडे डुलू लागतो. एकदा डुलणे सुरू झाले की चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर ठेवतात, युरोपात त्याहून कमी. जिनिंगचा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी मोजतो, तो या कामाचा नव्हता. आम्ही मोंढ्यातल्या एका आडतीवरून पोती तोलायचा तीनशे किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून कपलर टेकवला आणि दोन्ही घोडे आत उभे केले. आकडा ५५ वर आला. म्हणजे जेमतेम तीन टक्के. घोड्याने मान मागे वळवली की तो ४० वर जायचा.

बनवणाऱ्याने ॲक्सल बरोबर मध्यभागी लावले होते, दिसायला नेटके. मात्र घोड्याचे वजन पुढच्या पायांवर जास्त असते म्हणून ट्रेलर पुढे जड राहील, हा त्याचा अंदाज मागच्या दाराच्या आणि फळीच्या लोखंडाने खोटा पाडला होता. ॲक्सल सात इंच मागे सरकवले. पुन्हा मोजले, १४५ किलो. एवढा भार मागच्या चाकांच्या सव्वा मीटर मागे बसतो तेव्हा तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरून सुमारे ६५ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर २१० च्या आसपास वाढतात. नव्या स्प्रिंगा यासाठी होत्या.

आधी खडीची पोती भरून चाचणी घेतली, जनावरे नंतर. धारूरचा घाट सकाळी, रहदारी नसताना, दुसऱ्या गिअरमध्ये दोनदा चढून उतरलो. इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध राहिला, ब्रेकचा वास आला नाही. तिसऱ्या खेपेला धाकटे बंधू चालवत होते. अर्ध्या उतारावर त्यांनी सवयीने तिसरा टाकला, आणि खाली पोहोचल्यावर त्यांना मी ट्रेलरच्या ड्रमजवळ हात नेऊन बघायला लावले. त्यानंतर तिसरा गिअर पुन्हा कोणी टाकला नाही.

अकलूजची वारी दोन्ही घोडे घेऊन, सपाटीवर पन्नास-पंचावन्नच्या वेगाने, दर दीड तासाला थांबत पार पडली. जनावरांचे तंदुरुस्तीचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र गाडीत होते. बाजारात घोडी विकली गेली, चांगल्या दराला, आणि परतीच्या वाटेवर ट्रेलरमध्ये एकटा घोडा उरला. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकच जनावर असेल तर ते चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे बांधायचे असते, कारण आपल्या रस्त्यांचा ढाळ डावीकडे असतो. हे मी सांगितले होते, आणि ते लक्षात राहिले. पण घोडीबरोबर तिचे खोगीर आणि झुली गेल्या, पाण्याची टाकी रिकामी झाली, आणि नाकावर आता किती भार आहे हे कोणाला माहीत नव्हते. रात्री साडेनऊला थोरल्यांचा फोन आला, अकलूजमध्ये पोती तोलायचा काटा आता कुठे मिळेल म्हणून. मी कुट्टीची उरलेली दोन पोती अगदी पुढच्या कोपऱ्यात रचायला आणि टाकी पुन्हा भरायला सांगितली. माळेगावला निघाले तेव्हा आडतीवरचा तो काटा ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात, झुलींच्या खाली बांधलेला होता, आणि त्याचे भाडे आडत्याने घेतले नव्हते.